अकरापैकी चार वाक्यं

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. सकाळचे अकरा. जोगेश्वरी पूर्वेला आमचं घर, चौथा मजला. माफीनामा एक, वाक्यं अकरा. सही फक्त माझी हवी होती.

हजर सात. मी, नवरा, मुलुंडची थोरली नणंद, तिचे यजमान, आमच्या बौद्ध मंडळाचे अध्यक्ष तात्या, चिटणीस आणि माझा दादा. आठवी माझी मुलगी, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून. वय चौदा. तिला कुणी मोजलं नाही.

घरचं भांडण मंडळापुढं आलं की आमच्यात आधी वंदना होते. मेणबत्ती लावली. सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं, मीही म्हटलं. मग बाकीचे खुर्च्यांवर आणि दिवाणावर बसले. मला सांगितलं, तू खाली सतरंजीवर बस. मी बसले.

नणंद कागद वाचायला लागली. "वाक्य पहिलं. मी नार्सिसिस्ट आहे. मला स्वतःशिवाय कुणाची पर्वा नाही."

चिटणीसानं पेन उचललं. "स्पेलिंग काय ताई? इतिवृत्तात लिहायचंय."

"मराठीत लिहा ना. आत्मप्रेमी."

तिचे यजमान हसले. मीही हसले. सतरंजीवर बसून, स्वतःवरच. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

भांडण काय होतं ते सांगते. जानेवारीत घरी पाच पाहुणे जेवायला होते. नवरा त्यांना म्हणाला, "हिच्या हातून दूध रोज उतू जातं. साकीनाक्याच्या कारखान्यात मालाची मोजदाद कशी करते कुणास ठाऊक." आवाज नेहमीसारखा, मऊ. पाहुणे हसले. माझ्या छातीत एकदम जाळ झाला. हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा होता, तो मी भिंतीवर फेकला. वाटेल ते ओरडले. डब्याचं झाकण उडालं आणि मुलीच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. रक्त आलं.

हे खरं आहे. मी केलं.

अर्ध्या तासात जाळ विझला. मग मी मुलीच्या पायाला हळद लावली आणि मोरीत जाऊन रडले. नवऱ्याची माफी मागितली. त्या आठवड्यात सहा वेळा मागितली. सहाव्या वेळी त्याचे पाय धरले. तो टीव्ही बघत होता. पाय त्यानं बाजूलाही घेतले नाहीत. नऊ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. दहाव्या दिवशी बहिणीला फोन केला.

नणंद समुपदेशनाचा छोटा कोर्स करतेय. तिनं मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. नार्सिसिस्ट बायको कशी ओळखावी. टोकलं की भडकते, सगळं स्वतःवर ओढून घेते, घर तिच्या मूडवर चालतं. मी यादीशी स्वतःला ताडून पाहिलं. दहापैकी सात लक्षणं जुळत होती. मला वाटलं, सापडलं. मी वाईट आहे, आणि वाईटाला आज नाव मिळालं.

म्हणून मी सरकारी दवाखान्यात गेले. मनोविकार विभागात. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मी नार्सिसिस्ट आहे का, तेवढं तपासून द्या."

त्यांनी आधी बसवलं. दोन वेळा बोलावलं. लहानपणीचं काही आहे का विचारलं. दादानं जुन्या पेटीतनं माझं चौथीचं प्रगतिपुस्तक काढून दिलं. शेरा होता: "लक्ष नाही. वस्तू हरवते. बोलले की लगेच रडते." त्यावरून शाळेतल्या बाईंनी मला मंद ठरवलं होतं. पुढं मी प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायला लागले. किल्ली कुठं, गॅस बंद केला का, कारखान्यात किती नग आले. लोक म्हणतात, केवढी नीटनेटकी. वही नसली तर मी दहा मिनिटंही टिकणार नाही, हे कुणाला माहीत नाही.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही तशा भावनाही आवरत नाहीत. टोमणा लागला की तो चटक्यासारखा लागतो."

"मग ते दुसरं?"

"मला तसं दिसत नाही. पण व्हिडिओ बघून ठरवू नका. भांडण विझल्यावर तुम्ही काय करता ते मला सांगा."

मी सांगितलं. हळद, मोरी, सहा माफ्या, पाय.

 त्या म्हणाल्या, "ज्याला दुसऱ्याचं दुखणं पोचतच नाही, तो असा रडत बसत नाही. तुम्हाला ते जास्तच पोचतं. पण झाकण लागलं ते लागलंच. आजार आहे म्हणून ते पुसलं जात नाही."

मी विचारलं, "आणि माझा नवरा?"

"त्यांना मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या माणसाला मी नाव देत नाही."

मीही देत नाही. फक्त वहीतलं सांगते. घरी येऊन मागची पानं चाळली. वर्षभरातली चौदा भांडणं लिहिलेली होती. दोनदा नवऱ्याचं बरोबर होतं. बारा भांडणांत मी माफी मागितली होती, त्या दोन्हींसकट. नवऱ्यानं किती? मी पानं परत उलटली. कुठं सुटलं असेल म्हणून तिसऱ्यांदा उलटली. एकदाही नाही. मी भडकून अर्ध्या तासात विझत होते. तो कधी भडकलाच नाही, आणि विसरलाही नाही. आवाज न चढवणारा माणूस लोकांना खरा वाटतो. मलाही एकोणीस वर्षं वाटला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या सतरंजीवर बसले होते. तरी सही करणार होते. सवयच तशी.

नणंदेनं अकरावं वाक्य वाचलं. "माझा मुलीवर वाईट परिणाम होतो, म्हणून तिच्याबाबतचे सगळे निर्णय यापुढे तिचे वडील घेतील. हे मान्य नसेल तर मी एकटी माहेरी जाईन."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

नवरा म्हणाला, "कर सही. विषय संपव." मऊ आवाज.

मी पेन घेतलं आणि तात्यांना विचारलं, "तात्या, आत्ता आपण पंचशील म्हटलं. चौथं काय?"

तात्या सत्तरीचे. सवयीनं म्हणाले, "मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही."

"मग ह्यातलं खोटं मी खोडते."

मी सतरंजीवरून उठले. टेबलाशी उभी राहून एकेक वाक्य वाचलं. पहिलं खोडलं. पाचवं, सहावं. अकरावं खोडताना कागद फाटला. सात खोडली. चार राहिली. दूध उतू गेलं. पाहुण्यांसमोर ओरडले. डबा फेकला. झाकण मुलीला लागलं. चारही वाक्यांपुढं चार सह्या केल्या.

"बघा," नणंद म्हणाली, "हेच ते. चूक मान्यच करायची नाही."

"चार केल्यात ताई. मोजा."

दादा खाली मान घालून होता. तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं. चार आहेत." दिवसभरात तो तेवढंच बोलला.

तात्यांनी कागद घेतला, चष्मा लावला. "सूनबाई, मंडळात असं कुणी केलं नव्हतं."

"मीही केलं नव्हतं तात्या."

त्यांनी चिटणीसाला सांगितलं, "चारच लिहा," आणि कागद मला परत दिला.

नवरा माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, "अहो, पाहुण्यांसमोर ओरडले ते चुकलं. ही सातवी माफी. आठवी मिळणार नाही."   डबा फेकला नाही, आणि पायही धरले नाहीत.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. कागद समोर धरून मुलीला वाचून दाखवलं. "मी डबा फेकला. झाकण तुझ्या पायाला लागलं. चूक माझी आहे."

"वाचून कशाला दाखवतेस गं मम्मी?"

"तोंडी बोलले तर काहीतरी सुटेल."

"परत फेकशील?"

"राग येईल. तो थांबवता येईल की नाही माहीत नाही. आला की मी जिन्यात जाऊन उभी राहीन. फेकणार नाही."

तिनं कागद घेऊन स्वतःच्या दप्तरात ठेवला. "माझ्याकडं राहू दे. लक्षात राहील."

मी नाही म्हटलं नाही. तो तिचाच आहे.

औषध चालू आहे. घर सोडलेलं नाही. नवरा पुन्हा बोलत नाहीये, आणि मी दिवस मोजणं बंद केलंय. खरी माफी एकाच माणसाची मागायची बाकी होती. वय चौदा, उजव्या अंगठ्यावर व्रण. तिची ती पूर्ण मागितली, लेखी. खोडलेल्या सात वाक्यांबद्दल मी कुणाचं काही देणं लागत नाही.