दोन आणे उंचीचा घोडा

सत्तर सालानंतरची ती वर्षं. कागदावर हेक्टर आले होते, पण माझ्या खांद्यावर तेहतीस फुटांची जुनी लोखंडी साखळीच होती. तिचे सोळा भाग. एका भागाला आम्ही आणा म्हणायचो आणि दर आण्याला पितळेची खूण असायची. भिवंडीत मी जमीन मोजायचो आणि थापा मारायचो. पगार पहिल्या कामाचा मिळायचा, जीव दुसऱ्यावर जगायचा.

पण थापेला समोर माणूस लागतो. माझी खोली यंत्रमागांच्या गाळ्याला चिकटून होती. भिंत एवढी थरथरायची की कपातली साखर आपोआप विरघळायची. तीन वर्षं मी चमचा विकत घेतला नाही. शेजारी शिफ्टवरून येत, झोपत आणि पुन्हा शिफ्टवर जात. घरमालकाने मला एकदाच हाक मारली, तीही आधीच्या भाडेकरूच्या नावाने. मी ओ दिली. कोणी हाक मारतंय, हेच पुष्कळ होतं.

ऐकणारा एकच, टांगेवाला मामा. कोन गाव असो की मानकोली, मोजणीला मी त्याच्याच टांग्यातून जायचो.

"मामा, काल खाडीच्या तळाशी उतरून मोजणी केली. साखळीचं दुसरं टोक एका खेकड्याने धरलं होतं."

"ताणून धरलं का सायब?"

"माझ्या शिपायापेक्षा चांगलं!"

"असंल," मामा म्हणायचा आणि लगाम हलवायचा. त्या एका "असंल"वर माझा आठवडा निघायचा.

एकदा मामा तोंड पाडून आला. टांग्याचा परवाना नवा करायचा होता. यंदा नवीन अट होती, घोडा तेरा मुठींचा हवा. घोड्याची उंची मुठीत मोजतात, एक मूठ म्हणजे चार इंच. जनावरांचा डॉक्टर रजेवर होता आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते. कारकून म्हणाला होता, शिक्केवाल्या कुठल्याही साहेबाचा कागद चालेल.

"टेप आणू का सायब? शिंप्याकडं हाय."

"टेप कशाला? तुमच्या घोड्याला काय झबलं शिवायचंय? सरकारी साखळी आणतो!"

दुसऱ्या दिवशी टांगा स्टँडवर ही गर्दी. मी खुरापासून खांद्यापर्यंत साखळी उभी धरली. टांगेवाले ओरडायला लागले.

"सायब, सातबारा पन काढा त्याचा!"

"मागच्या बाजूनं नका मोजू, तिकडं वहिवाट हाय!"

मी गर्दीत फुललो. एवढी माणसं माझ्याकडे बघत होती! भर चौकात हिशेब मांडला. तेहतीस फूट म्हणजे तीनशे शहाण्णव इंच, म्हणजे नेमक्या नव्याण्णव मुठी. त्याचा सोळावा भाग आणा. घोडा भरला दोन आणे, म्हणजे साडेएकोणपन्नास इंच, म्हणजे बारा मुठी दीड इंच.

तेराला अडीच इंच कमी.

मामाने स्वतःची मूठ घोड्याच्या पायाशी टेकवली आणि एकीवर एक चढवत वर नेली. "माझ्या मुठीनं तेरा भरतात, सायब. वर उरतं पन."

"मामा, तुमची मूठ सरकारी नाही."

हे वाक्य मी बोललो. त्या अख्ख्या वर्षात मारलेल्या थापा एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. मी कागदावर शिक्का मारला. मामाने तो वाचता येत नसतानाही नीट घडी करून खिशात ठेवला.

परवाना गेला. टांगा मोडीत गेला, घोडा विकला गेला आणि मामा कुठे गेला ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी एसटीने जायला लागलो. कंडक्टरला खेकड्याची गोष्ट सांगून पाहिली. तो म्हणाला, "सुट्टे द्या."

दोन महिन्यांनी दिघाशी गावात मोजणी होती. तिथे तो घोडा गवताच्या गाडीला जुंपलेला दिसला. मला ओळखून खिंकाळला असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. खरं तर त्याने मान वळवली आणि पुन्हा खाली घातली. जवळच एक गवंडी भिंत रचत होता. का कोण जाणे, मी त्याचा टेप मागून घेतला आणि घोड्याला लावला.

चोपन्न इंच. तेरा मुठी दोन इंच.

मी तिथेच बांधावर बसलो. हिशेबात चूक नव्हती. चूक हाताच्या सवयीत होती. शेत मोजताना अर्ध्या आण्याच्या आत काही उरलं तर आम्ही सोडून देतो. एवढ्या शिवारात साडेचार इंचांची काय किंमत? हात शेतात सोडतो तसंच हाताने घोड्यावरही सोडलं होतं. जन्मात एकदाच मी मामासमोर पदरचं काही न घालता बोललो आणि तेच खोटं निघालं.

मी तिथल्या तिथे नवा कागद केला. मग मामाला शोधलं. तो माझ्या खोलीमागच्याच गाळ्यात लूमवर लागला होता. दोन महिने आमच्यामध्ये एक भिंत होती, थरथरणारी.

आत शिरलो. वीस-पंचवीस लूम एकदम धडधडत होते. मामाच्या केसांवर कापसाचा पांढरा भुसा बसला होता. मी कागद पुढे धरला. त्याने अक्षरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तेरा मुठी दोन इंच!" मी ओरडलो. माझा आवाज कोनच्या मोजणीत नांगरणाऱ्याला दोन शेतांपलीकडे ऐकू जायचा. "मामा, माझी चूक! तुमची मूठ बरोबर होती!"

मामाने कानावर हात ठेवून मान हलवली. ऐकू येत नाही. मी पुन्हा ओरडलो. त्याचे ओठ हलले. "असंल" म्हणाला की "नसंल" म्हणाला, मला कळलं नाही. तेवढ्यात त्याच्या लूमवर धागा तुटला आणि तो माझ्याकडे पाठ करून वाकला.