नलूचं पेडल

घरातलं माणूस गेलं की लोक भेटायला येतात आणि उठताना एखादा किस्सा ठेवून जातात. मी समोर बसून ऐकत होतो. पुढे येणारे कमी झाले, किस्से मात्र राहिले. मला वाटायचं, नलूचे किस्से गाण्यांचे असतील. बहुतेक निघाले तिच्या पेडलचे.

हिंगणघाटात आमचा एक छोटा ऑर्केस्ट्रा आहे. डोंगरे साहेब तहसील कचेरीतून निवृत्त झाले. ते गातात आणि सगळ्यांना दटावतात. भाऊराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, ढोलक त्यांची. प्रकाशचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान, माइक आणि अॅम्प्लिफायर त्याचे. नलू, माझी बायको, इलेक्ट्रिक हवाईयन गिटार वाजवायची. मी शाळेत गणित शिकवतो. ग्रुपमध्ये माझं काम सामान उचलणं आणि वायरी गुंडाळणं.

ही गिटार आडवी ठेवून वाजवतात. एका हातात स्टीलची कांडी, दुसऱ्या हाताने तार छेडायची आणि पाय पेडलवर. पाय दाबला की आवाज वाढतो, सोडला की उतरतो. नलू आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग सावकाश पाय दाबायची. छेडल्याचा ठोका ऐकूच यायचा नाही, सूर आपोआप उमलल्यासारखा यायचा. पेडल नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं, जुनं. पाय हलला की आतली दोरी रेडिओसारखं एक बटण फिरवायची. ते बटण वापरून वापरून आतून झिजलं आणि खरखरू लागलं.

*

अल्लीपूरला गणपतीचा कार्यक्रम होता. दुसऱ्याच गाण्यात पेडलमधली दोरी तुटली. प्रकाशने पेडल उघडलं, पण दोरी आणायची कुठून? कोणी सुतळी आणली, ती जाड. कोणी शिवणाचा दोरा आणला, तो लगेच तुटला. डोंगरे साहेब माइकवरून लोकांना थोपवून धरत होते, आणि त्यांच्याजवळचे विनोद संपत आले होते.

भाऊराव उठून पडद्यामागे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात काळा गोफ होता. कमरेचा करदोडा! प्रकाशने तो बटणाभोवती गुंडाळला, गाठ मारली आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला.

भाऊरावांच्या आईने दुसऱ्या दिवशी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. कमरेचा करदोडा असा सोडत नसतात, तोही बाजाला बांधायला! नलू नवा करदोडा घेऊन त्यांच्या घरी गेली आणि म्हातारीच्या पाया पडली. म्हातारीचा राग तरी उतरेना. तेव्हा नलू म्हणाली, "आजी, काळा दोरा हाय. आता माह्या पेडलले कोनाची नजर नाई लागनार."

म्हातारी हसली म्हणतात. भाऊराव हे सांगतात तेव्हा त्यांचा हात आपोआप कमरेशी जातो.

*

डोंगरे साहेबांचा खोबरेल तेलावर फार विश्वास. गुडघ्याला तेच, दाराच्या बिजागरीला तेच. खरखर वाढली तेव्हा नलू स्वयंपाकघरात आहे असं पाहून त्यांनी पेडलमध्येही ते सोडलं. खरखर थांबली. महिनाभर ते रस्त्यात भेटेल त्याला हे सांगत होते.

मग जानेवारी आला. पवनारला सकाळी कार्यक्रम होता, धाम नदीवरून गार वारा येत होता. नलूने पाय दाबला तर पेडल हलेना. तेल आत गोठलं होतं!

शेवटी पेडल उघडून उन्हात ठेवलं आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो. एका बाईंनी जाता जाता विचारलं की वाळवण काय घातलं आहे. डोंगरे साहेब मान वळवून नदी पाहत बसले. नलू एवढंच म्हणाली, "साहेब, पुढच्या वेळी आधी गुडघ्याले लावून पाहा."

*

झिजलेल्या जागेवर पेन्सिल घासली तर काही दिवस काम भागतं, हे तिला प्रकाशने सांगितलं होतं. मग दर कार्यक्रमाआधी माझ्या खिशातली पेन्सिल जायची. चष्मा नाकावर घेऊन ती बटणाच्या आतल्या काळ्या पट्टीवर एकाच जागी घासत बसायची. मी एकदा विचारलं, नवीन बटण का बसवत नाही? म्हणाली, "हे कुठं खरखरते ते मले मालूम आहे. नवीन कुठं खरखरंल ते कोनाले मालूम?"

*

हा किस्सा वर्ध्याच्या दवाखान्यातला. तो मी सहसा सांगत नाही, भाऊराव सांगतात.

नलू शेवटी शेवटी फार बोलत नसे. पण तिचा उजवा पाय पलंगाच्या लोखंडी दांडीवर टेकलेला असायचा आणि दांडी दाबून पुन्हा पुन्हा सावकाश सोडत राहायचा. नर्सला वाटलं, पेटके येत आहेत. तिने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, दुखतं का विचारलं.

पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक शेतीच्या वाटणीवरून मोठमोठ्याने भांडत होते. नलूने डोळ्यांनी तिकडे दाखवलं.

"त्याहिचा आवाज कमी करून राह्यली," ती म्हणाली. "होऊनच नाई राह्यला."

डॉक्टर हसले. भाऊराव बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. हे ते सांगत नाहीत, मी सांगतो.

*

वर्षश्राद्ध झाल्यावर ग्रुपने तिच्या आठवणीत कार्यक्रम ठरवला. गिटार मंगला वाजवणार होती. मंगला अंगणवाडीत काम करते, नलूकडेच शिकली. तालमीला पेडल काढलं तर आवाज यायचा, खरखरायचा आणि मधेच पूर्ण जायचा. प्रकाशने पेडल उघडलं आणि मला बोलावलं. काळ्या पट्टीचा एक तुकडा घासून पांढरा पडला होता.

"सर, इथं काईच नाई उरलं. पेन्सिलनं नाई भागत. बटन बदलावं लागते."

मी नको म्हणालो. गिटारवर कोणीही वाजवू शकतं, कांडी कोणीही धरू शकतं. पण ती पट्टी जिथे झिजली होती, तिथे दुसऱ्या कोणाचा पाय नव्हता. ती बदलली की नलूचं या पेडलमध्ये काय राहणार होतं? डोंगरे साहेबांनी समजावून पाहिलं, थोडं दटावूनही पाहिलं. मी पेडल पिशवीत घालून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी मंगला घरी आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. चहा घेतला, कप धुऊन ठेवला. मग दारात उभं राहून म्हणाली, "सर, बाईनं मले हातानं कमी शिकवलं, पायानं जास्त. पेडल नाई चाललं त मी नुसतं हातानंच वाजवीन. लोक म्हनतीन चांगलं झालं. पन ते बाईचं नाई राह्यनार."

मी पिशवी तिच्या हातात दिली. प्रकाशने नवं बटण बसवलं. जुनं कागदात बांधून मला देत होता. मी घेतलं नाही, आणि त्याने टाकलं नाही.

*

कार्यक्रमाला हॉल भरला होता. मी नेहमीसारखा अॅम्प्लिफायरजवळ, भाऊरावांच्या मागे बसलो. मंगलाने नलूचं आवडतं संथ गाणं घेतलं. एकही खरखर नाही. मी खाली वायरींकडे पाहत होतो.

पहिल्या कडव्यात सूर जिथे वर चढतो, तिथे भाऊरावांनी एकदम जोरात थाप मारली. तालात ती कुठेच बसत नव्हती. समोरच्या रांगेतल्यांनी माना वर केल्या. डोंगरे साहेबांनी डोळे वटारले. मंगलाने वाजवता वाजवताच त्यांच्याकडे पाहिलं.

"काय झालं, काका?"

"खरखर येते न इथं," भाऊराव पुटपुटले. "वैनीची. लोकाइले आयकू नाई जावं म्हून मारतो मी."

इतकी वर्षं मी त्यांच्या मागे बसत होतो. मला हे माहीत नव्हतं.

"आता नाई येत, काका."

"हो. आता नाई येत."

दुसऱ्या कडव्यात ती जागा जवळ आली तसा भाऊरावांनी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर वजन देऊन बसले. डाव्या हाताने ठेका चालू ठेवला. सूर वर चढला, मोकळा, स्वच्छ. लोकांमधून कोणीतरी 'वा' म्हणालं. भाऊरावांची मान खालीच होती.

तिसरं कडवं सुरू झालं. हात अजून मांडीखालीच होता. ती जागा यायच्या जरा आधी मंगलाने मान वर केली.

"काका," ती हळूच म्हणाली, "मारा."