आई असल्याचा पुरावा

त्या दिवशी मी येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला गेले नव्हते, भांडायला गेले होते. लेक जर्मनीत, दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं, जावई कामावर गेले की घरात कुणी नाही. आणि माझा व्हिसा नाकारलेला. का, तर मी तिची आई असल्याचा पुरावा नाही! लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, पासपोर्टवर तेच. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, भूमला. तिथं माझ्या वडिलांनी सवयीनं लेकीच्या जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव घातलं. मला दोघांनीही विचारलं नाही. आता व्हिसा ऑफिसातली काचेपलीकडची बाई म्हणते, नातं सिद्ध करा, नव्यानं अर्ज करा, आधीची फी परत मिळत नाही. नऊ महिने पोटात वागवलं, त्याचा दाखला कुठून आणू? तळपायाची आग मस्तकात गेली.

पिंडीवर पाणी घालायलाही हात उचलेना. "इतके सोमवार धरले, काय उपयोग झाला?" मी मोठ्यानं विचारलं. लोक वळून बघायला लागले. बघू देत.

परतीची एसटी चुकली म्हणून पायरीवर येऊन बसले. शेजारच्या अनोळखी म्हातारीनं विचारलं, "कुणावर एवढी तापलीस, माय?" मी सगळं ओकून टाकलं.

"माझ्या सुनंचंबी असंच झालंतं. धाराशिवला कोर्टापुढं टायपिंगवाले बसत्यात. दोन्ही नावं एकाच बाईची हायेत, असं प्रतिज्ञापत्र कर. लग्नाची पत्रिका जोड."

"एवढ्या वर्षांपूर्वीची पत्रिका आता कुठं मिळणार, आजी?"

"आईच्या ट्रंकेत बघ. आया टाकत न्हाईत. ऊठ!"

पत्रिका खरंच आईच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत सापडली. प्रतिज्ञापत्र करून नव्यानं अर्ज केला, आणि व्हिसा मिळाला. व्हिसाचे कागद करून देणाऱ्या एजंटानं जे सांगितलं नव्हतं, ते त्या आजींनी सांगितलं. त्यांना देवानं पाठवलं का, हा वाद मी घालत नाही. राग अजून आहेच. बाईचं नाव पुसताना कुणाला कागद लागत नाही, जोडताना मात्र कोर्ट लागतं. पण शरण जायचं म्हणजे गोडच बोलायचं असं नाही, एवढं मला कळलं. मी रागासकट रामलिंगापुढं गेले आणि त्यानं मला रागासकट पदरात घेतलं. त्याचे उपकार कसे फेडू?

बाळंतपणाच्या आठ दिवस आधी पोचले. जावयांनी दार उघडलं, आत अंथरुणावरूनच लेक "आई" म्हणाली, आणि मी दारातच बसून रडले.