तेलाच्या दिव्याआडचा हात

सोलो शहराच्या आसपास लग्नाकार्यात बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ करणाऱ्या बहुतेक दलांगांनी विजेचे दिवे घेतले, तेव्हा म्हातारे पाक तोंधो उलटे गेले. त्यांनी माळ्यावरचा तेलाचा दिवा खाली काढला. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, परंपरा राखणारा माणूस म्हणून. खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला, वार्सिनीला, ठाऊक होतं. बाहुल्या धरणारा त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता, आणि तेलाच्या ज्योतीपुढे सगळ्याच सावल्या थोड्या हलतात.

वार्सिनी त्यांच्या मागे बसून गेंदेरच्या पितळी पट्ट्या वाजवायची. हात फारच हलला की ती वादन दाट करायची, म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष कानाकडे जाई. कुणी विचारलंच तर "वारा आहे हो, ज्योत हलते," असं बेधडक ठोकून द्यायची. खोटं बोलायचा तिला कंटाळा नव्हता. भीती मात्र वाटायची.

मग रेत्नानिंग आली. नाटकाचं शिक्षण घेतलेली, बोलायला गोड आणि कामाला वाघ. तिला कर्ण आणि कुंतीची भेट करायची होती. पुढे जिवंत नटी, मागे घराएवढा पडदा, आणि त्यावर पाक तोंधोंच्या बाहुल्यांची सावली कॅमेऱ्यानं टिपून सिनेमासारखी अगदी जवळून दाखवायची.

"तुमच्यासारखा अस्सल माणूस हवाय, पाक," ती म्हणाली. पाक तिथेच विरघळले.

"अहो, तिथे ज्योत नसणार," वार्सिनीनं घरी बजावलं.

"बुने, हात माझा आहे की तुझा?" बायकोला ते अशीच हाक मारायचे.

"तुमचाच. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय."

तालमीला भर दुपारी सभागृहात काळोख केलेला. कुंतीची बाहुली पुढे आली. तिचा पसरलेला हात पडद्यावर झाडाएवढा झाला आणि थरथरला. नटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय कमाल, पाक!" मागच्या काचेच्या खोलीतून रेत्नानिंगचा आवाज भोंग्यातून आला. "आईची नुसती घालमेल! ही थरथर ठेवायचीच."

पाकांनी वळून बायकोकडे पाहिलं, शाळेत पहिला आलेल्या पोरासारखं. वार्सिनीला त्यांची दया आली आणि रागही.

मग कर्ण. आईला नाही म्हणणारा, ताठ. तोही थरथरला.

"इथे नको हं, पाक. कर्ण ठाम आहे. परत घेऊ."

परत थरथरला. वार्सिनीनं पट्ट्यांवर हात जीव तोडून चालवले. एवढ्या मोठ्या सावलीपुढे ते काय पुरणार!

"काही अडचण आहे का, पाक? आणखी एकदा."

"सांग तिला," पाक दबक्या आवाजात बायकोला म्हणाले, "तुमचाच दिवा हलतोय म्हणून."

खोटं तिच्या ओठांवर तयारच होतं. तिनं वाजवायच्या काठ्या खाली ठेवल्या.

"दिवा नाही हलत हो," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "हात गेलाय तुमचा. मला नाही आता झाकता येत."

बाहुल्या रोवायला समोर केळीचा सोट आडवा ठेवला होता. त्यात पाकांनी कर्ण रोवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. पडद्यावर कर्ण निश्चल उभा राहिला.

"वा! अस्सा!" भोंगा कडाडला. "आता बिलकूल हलवू नका, पाक!"

"नाही हलवणार, पोरी," पाक तोंधो म्हणाले, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.