परत न मारलेलं फूल

एकटीपुरता चहा ठेवते, तेव्हा किटलीची वाफ तोंडावर येते आणि मला ओल्या पिसांचा वास येतो. बॅडमिंटनचं फूल लवकर तुटू नये म्हणून हे त्याला अशीच वाफ देत.

निजामाचं राज्य होतं. हे हैद्राबादेपर्यंत जाऊन सामने जिंकून आल्ते. मग गुडघा गेला, खेळ सुटला आणि गावी, धावड्याला येऊन शेती बघू लागले. इथं त्यांच्याशी खेळणारं कोणी नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी अंगणात जाळीऐवजी गुरांचं दावं आडवं बांधलं आणि एक रॅकेट माझ्या हातात दिली.

"नुसतं परत मार. पळायचं न्हाई."

ओट्यावर सासरे बसले होते. मी पदर धरून उभी राहिले आणि फूल पायाशी पडलं. सासरे हसले. "मार की सूनबाई. म्या आत जातो, मंग तर मारशील?"

ते खरंच आत गेले. यांनी पुन्हा फूल अलगद टाकलं. माझा हात वर झालाच नाही.

तेव्हा वाटलं, मी मर्यादा राखली. आता वाटतं, कोणासाठी?

यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. रोज संध्याकाळी ते एकटेच गोठ्याच्या भिंतीवर फूल मारत. भिंतीवरून फूल परत येत नाही. दर वेळी गुडघा धरून वाकत आणि उचलत. मी चुलीपाशी बसून ऐकत असे.