वरच्या वजनातला पैलवान

गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात तुम्ही "निळं" म्हणेपर्यंत पांढरं फाडून मोकळा होणारा एक पैलवान आहे. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणं ही त्याची खोड. कुस्तीतही समोरच्यानं हात पुढं करेपर्यंत हा त्याच्या पाठीमागं पोचलेला असायचा. गेल्या वर्षी मात्र जिलेबीच्या कृपेनं त्याचं वजन वाढलं आणि त्याला वरच्या गटात उतरावं लागलं.

त्याच्या वस्तादांनी फर्मान काढलं, "वर ताकदीचं काम हाय, बेटा. हरलास तर जिलेबी बंद, अन् परत खालच्या गटात!"

"वस्ताद, पण समोरच्याच्या हाती लागलो तर ना!"

दौलताबादच्या फडात समोर आला तो पैलवान नव्हता, किल्ल्याचा बुरूजच होता. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा बुरूज मातीत चीत पडला होता आणि आमचा गडी जिलेबीवाल्याला लांबूनच खुणा करत होता.

जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन मिरवायचा रिवाज, म्हणून आम्ही त्याची गिऱ्हाइकं धावलो. सगळ्यांनी मिळून जोर लावला, कुंथलो, पण हा आमच्या गुडघ्याच्या वर काही जाईना! तेवढ्यात हरलेला बुरूज माती झटकत आला, हसला आणि त्यानं एका हिसक्यात याला उचलून खांद्यावर बसवलं.

तिथून आमचा गडी आनंदानं ओरडला, "वस्ताद, तुमचंबी खरं हाय! ताकद लागतीच!"