कुंपणापलीकडचे पुरुष

१२ मे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या घरामागे मी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे शेजारचा कृष्णवर्णीय बस ड्रायव्हर मित्रांना सांगत होता, "वडील गेले तेव्हा रडलो नाही. आता गाडी चालवताना रडू येतं."

"मग रड की, इथे आम्हीच तर आहोत," एक मित्र म्हणाला.

तेवढ्यात, शिडी परत द्यायला गेलेल्या माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "आई गेल्यापासून मला झोप लागत नाही."

वर्षभर मी विचारत होते, तर "ठीक आहे गं" एवढंच. त्या पुरुषांचा मला भयंकर हेवा वाटला.

जेवताना विचारलं, "अहो, काय गप्पा चालल्या होत्या?"

"काही नाही, शिडी दिली."

१३ मे. सकाळी चहा देताना काहीच विचारलं नाही. सासूबाईंच्या आठवणीने मला रडू येतं, हे आधी मीच सांगितलं.